एकादशीचं ताट आणि किडनीचा पेशंट

‘उपवासाचं खाणं किडनीला हलकं’ हे वाक्य पंढरपुरात तुळशीच्या माळेइतकं सहज हातात पडतं. मठात ऐकू येतं, किराणा दुकानात ऐकू येतं, डायलिसिसच्या पेशंटला भेटायला आलेला पाहुणाही तेच सांगून जातो. त्यामागचा युक्तिवाद असा : एकादशीला धान्य नाही, डाळ नाही, म्हणजे पोटावर भार नाही. मीठ सैंधव, म्हणजे ते निर्धोक. बाकी सगळी फळं, कंदमुळं, नारळपाणी. ती तर देवाघरची, त्यांनी कुणाचं वाईट झालंय? महिन्यातून दोनदा किडनीला विश्रांती मिळते आणि आजार जागच्या जागी थांबतो, असा त्याचा शेवट.

ज्याची किडनी ठणठणीत आहे त्याने हे म्हणावं, खुशाल उपवास करावा, माझं काही म्हणणं नाही. पण ज्याचं क्रिएटिनीन वाढलेलं आहे, ज्याच्या किडनीची गाळणक्षमता (eGFR) तिसाच्या खाली घसरली आहे किंवा जो आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत बसतो, त्याच्यासाठी या युक्तिवादातलं प्रत्येक विधान चुकीचं आहे. काही नुसती चुकीची, काही जिवावर बेतणारी.

आधी ‘भार’ म्हणजे काय ते पाहू. किडनीच्या दृष्टीने अन्न जड की हलकं हे ढेकरेवरून ठरत नाही. आपण खातो त्या पोटॅशियमपैकी सुमारे नव्वद टक्के लघवीवाटे बाहेर टाकायचं काम किडनीचं. रक्तात हे खनिज लिटरला 3.5 ते 5 मिलिमोल एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात राहावं लागतं. ते सहाच्या पुढे गेलं की हृदयाचे ठोके बिघडायची भीती असते. कावीळ डोळ्यांत दिसते, साखर वाढली की तहान लागते. पोटॅशियम बहुतेक वेळा कसलीही वर्दी देत नाही. ‘काल तर बरे होते, देवळात जाऊन आले, रात्री गेले’ अशा ज्या बातम्या येतात त्यांतल्या सगळ्याच पोटॅशियमच्या नसतात, पण काही असतात.

आता प्रदक्षिणा मार्गावरच्या कुठल्याही फराळाच्या गाड्यासमोर उभं राहा. परातीत साबुदाण्याची खिचडी वाफाळते आहे, वर बटाट्याच्या फोडी, मिरची, आणि इतका कूट की साबुदाण्याचा दाणा पांढरा दिसतच नाही. या परातीत साबुदाणा बिचारा निर्दोष आहे. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये पोटॅशियम जेमतेम दहा-पंधरा मिलिग्रॅम, फॉस्फरसही नावालाच. मधुमेह नसेल तर किडनीच्या पेशंटने त्याला घाबरायचं कारण नाही. खरा मामला कुटाचा आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेसहाशे ते सातशे मिलिग्रॅम पोटॅशियम आणि साडेतीनशेच्या वर फॉस्फरस. सोलापूर जिल्ह्यात दाण्याचा हात आखडता घेत नाहीत. शेंगाचटणीचा हा मुलूख. त्यामुळे एका डिशमध्ये पन्नास ग्रॅम कूट सहज जातो. म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे पोटॅशियम झालं. बटाटा शंभर ग्रॅम धरला तर आणखी चारशेच्या जवळ. दुपारी एक केळं, चारशे. चार खजूर, दोनशेच्या आसपास. संध्याकाळी भाजलेलं रताळं, तीन-सव्वातीनशे. मध्ये कुणीतरी ‘माउली, नारळपाणी घ्या’ म्हणून हातात शहाळं दिलं, त्यात पाचशे-सहाशे. बेरीज दोन हजारांच्या पुढे गेली, आणि अजून दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, वेफर्सचा पुडा मोजलेलाच नाही. बटाट्याचे वेफर्स तर शंभर ग्रॅमला हजाराच्या वर जातात, कारण पाणी उडालं तरी खनिज जागेवरच राहतं. रक्तातलं पोटॅशियम वाढलेल्या पेशंटला डॉक्टर साधारण दोन-अडीच हजारांत पूर्ण दिवस भागवायला सांगतात. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने केली त्याला किडनीचं काही ठाऊक नसेल, पण हिशेब पक्का होता.

उलट त्या दिवशी वर्ज्य काय? भात. पांढरा भात हे किडनीच्या पेशंटसाठी ताटातलं सगळ्यात कमी पोटॅशियमचं अन्न. म्हणजे उपवासाने जे निरुपद्रवी ते काढून घेतलं आणि जे जपून खायचं त्याचा ढीग वाढला. याला विश्रांती म्हणायचं असेल तर शब्दाचा अर्थ बदलावा लागेल.

‘पण हे पूर्वापार चालत आलंय’ असं यावर लगेच ऐकवलं जातं. किती पूर्वापार? बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो कंद, सगळे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतून आलेले. पोर्तुगीजांची जहाजं किनाऱ्याला लागायच्या आधी ते इथे नव्हतेच. नामदेवांनी जन्मात साबुदाण्याची खिचडी पाहिली नसणार. आज जे ताट आपण सात्त्विकतेचा कळस म्हणून मांडतो ते चार-पाचशे वर्षांच्या आतलं, आणि त्यातला साबुदाणा तर कालपरवाचा. त्यात वाईट काही नाही. खिचडी मलाही आवडते. मात्र प्राचीनतेचा दाखला देऊन तिला पथ्याच्या यादीत बसवू नये एवढंच.

दुसरं विधान सैंधवाचं. गुलाबी, ओबडधोबड, डोंगरातून आलेलं, म्हणून औषधी. वर ‘यात 84 खनिजं आहेत’ ही जोड. असतीलही. पण सैंधवाचा साधारण 97-98 टक्के भाग सोडियम क्लोराईडच असतो, समुद्राच्या मिठात असतो तोच. उरलेल्या दोन टक्क्यांत ती सगळी खनिजं दाटीवाटीने बसतात. त्यांतलं मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम अंगी लागावं एवढं मिळवायचं तर मीठ मुठीने खावं लागेल, आणि मग मॅग्नेशियमची काळजी करायला माणूस शिल्लक राहणार नाही. सपाट चमचाभर सैंधवातही सुमारे दोन ग्रॅम सोडियम असतं, म्हणजे किडनीच्या पेशंटसाठी 2024 च्या केडिगो या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने दिवसाला घातलेली अख्खी मर्यादा. ते मीठ कुठल्या खाणीतून निघालं हे किडनी विचारत नाही.

आणि किडनी हळूहळू निकामी होत जाण्याशी ज्या खनिजाचा संबंध सगळ्यात पक्का दिसतो ते हेच सोडियम. जास्त मीठ म्हणजे अंगात पाणी साठणं, रक्तदाब वाढणं आणि लघवीतून जास्त प्रथिनं जाणं. शिवाय किडनी वाचवण्यासाठी रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारख्या ज्या गोळ्या दिल्या जातात त्यांचा उपयोगही खारट जेवणाने उणावतो. सकाळी गोळी घ्यायची आणि दुपारी ताकात सैंधव कालवायचं, याचा अर्थ गोळीचे पैसे चंद्रभागेत सोडायचे.

‘मग सोडियम कमी असलेलं मीठ आणतो’ म्हणून हौशी मुलगा सोलापूरहून नवा पुडा घेऊन येतो. इथे खरी गोम आहे. अशा मिठात सोडियमचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. निरोगी माणसाला आणि नुसता रक्तदाब असलेल्याला ते फायद्याचं आहे, हे नाकारता येत नाही. चीनमधल्या 600 खेड्यांत जवळपास 21 हजार लोकांवर झालेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी उतरलं. पण त्या प्रयोगात गंभीर किडनीविकाराचे लोक घेतलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये अशा मिठाची शिफारस केली तेव्हाही ज्यांची किडनी अधू आहे त्यांना बाजूला ठेवलं. पोटॅशियम क्लोराईडच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग पोटॅशियम असतो. किडनी थकलेल्या माणसाच्या आमटीत ते रोज पडत राहिलं तर त्याला वेगळी एकादशी करायची गरज नाही.

नारळपाण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पण राग सगळ्यात जास्त त्याचाच येतो, कारण ते प्रेमाने दिलं जातं. दवाखान्यात भेटायला जाताना शहाळं नेणं ही आपल्याकडची रीत. अंगात पाणी कमी पडलेल्या पोराला ते उत्तमच. डायलिसिसच्या पेशंटला तेच शहाळं म्हणजे पोटॅशियमचा पेला आणि वर मोजून दिलेल्या पाण्याच्या वाट्यात भर. त्यात आठवड्याचं गणित असतं. बहुतेक केंद्रांत रविवारी सुट्टी, त्यामुळे आठवड्यात एकदा दोन डायलिसिसच्या मध्ये मोठी फट पडते. अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून 2011 साली दाखवून दिलं गेलं की त्या मोठ्या फटीनंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयविकाराचे झटके इतर दिवसांपेक्षा जास्त असतात. एकादशी नेमकी त्या फटीत आली आणि वर दोन शहाळी पोटात गेली तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

एवढं वाचून कुणी खूश होऊन म्हणेल, बघा, आमच्या आहारपत्रकात हेच लिहिलंय : फळं बंद, पालेभाज्या बंद, डाळी बंद, दाणे बंद, ज्वारी-बाजरी बंद, सुकामेवा बंद. त्यालाही मला काही ऐकवायचं आहे. उपवासाची भलावण करणारे जितके चुकतात तितकंच हे छायाप्रत काढकाढून पुसट झालेलं पत्रकही चुकतं. किडनीचा आजार आहे एवढं कळलं की गाळणक्षमता साठ असो, तीस असो की आठ, सगळ्यांच्या हातात तोच कागद. ज्याचं पोटॅशियम 4.2 आहे आणि आजार तिसऱ्या टप्प्यात आहे त्याची केळी आणि मेथी कशासाठी बंद करायची? अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या 2020 च्या मार्गदर्शिकेने सरसकट बंदी सोडून रक्तातला आकडा पाहून पोटॅशियम ठरवायला सांगितलं आहे. पंढरपूर तालुक्यातला शेतकरी डाळिंब पिकवतो, शेजारी कासेगावात द्राक्षाचे मांडव; त्याच माणसाला ‘फळ म्हणून चाखायचं नाही’ हे सांगायला रक्ताचा रिपोर्ट तरी हातात हवा.

फॉस्फरसच्या बाबतीत तर हे पत्रक उलट दिशेने बोट दाखवतं. किडनी थकली की फॉस्फरस बाहेर पडेनासा होतो. रक्तातला आकडा वाढायच्या कितीतरी आधी शरीर एक संप्रेरक जास्त प्रमाणात सोडून त्याला बाहेर ढकलायची धडपड सुरू करतं. पुढे हाडं ठिसूळ होतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चुना साठतो. म्हणून फॉस्फरस कमी खा, हे बरोबर. पण कुठला? ज्वारी, डाळी, शेंगदाणे यांतला फॉस्फरस बराचसा फायटेटमध्ये अडकलेला असतो आणि तो सोडवणारं विकर माणसाच्या आतड्यात नसल्यासारखंच. त्यातला निम्म्याहून कमीच अंगात शिरतो. दूध-मांसातला त्याहून जास्त. आणि पुड्यातल्या पदार्थांत कारखान्याने घातलेला फॉस्फेट जवळजवळ सगळाच्या सगळा. शॅरन मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेत नऊ रुग्णांना एक आठवडा शाकाहारी आणि एक आठवडा मांसाहारी जेवण दिलं. दोन्हींत फॉस्फरस तेवढाच मोजून घातलेला. शाकाहाराच्या आठवड्यात रक्तातला फॉस्फरस आणि ते संप्रेरक दोन्ही कमी भरले. नऊच माणसं, छोटा प्रयोग. पण मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला गुन्हेगाराच्या रांगेत उभं करण्याआधी तो वाचायला हवा होता.

कारण भाकरी बंद केल्यावर पेशंट खातो काय? चहाबरोबर बिस्किटं, खारी, केक, कधी नूडल्स. डॉक्टरांनी यादीत त्यांचं नाव घातलेलं नसतं, त्यामुळे मन शांत. पुडा उलटा करून चष्मा लावून वाचा : खमीर आणणारे पदार्थ म्हणून 450 किंवा 341, नूडल्समध्ये 451, 452, काळ्या थंड पेयात 338. हे सगळे फॉस्फेट आणि फॉस्फरिक आम्लाचे क्रमांक. किती मिलिग्रॅम, ते कुठेच नाही; आपल्याकडच्या लेबलच्या नियमांत सोडियम छापणं सक्तीचं आहे, फॉस्फरस आणि पोटॅशियमला ती सक्ती नाही. ‘उपवास स्पेशल’ म्हणून हिरव्या पाकिटात मिळणाऱ्या चिवड्याचंही तेच. भाकरी सोडून खारी धरली तर पथ्य पाळलं ते पाकीट विकणाऱ्याच्या सोयीचं.

फळं-भाज्यांच्या बाजूने आणखी एक पुरावा आहे, आणि तो आजाराच्या वाटचालीशी थेट भिडतो. किडनी अधू झाली की रक्तात आम्ल साठतं आणि त्याने ती आणखी झिजते. लंडनमध्ये 134 रुग्णांवर झालेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात साध्या खायच्या सोड्याच्या गोळ्यांनी ही घसरण मंदावली. टेक्सासमध्ये गोराया आणि वेसन यांनी पुढे जाऊन सोड्याऐवजी फळं-भाज्या वाढवून पाहिल्या. त्यांचाही तसाच उपयोग दिसला. पण त्यांनी पोटॅशियम आधीच चढलेले लोक घेतले नव्हते, हे सांगितल्याशिवाय हा दाखला पुरा होत नाही. नेदरलँड्समधल्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मध्यम ते बऱ्याच अधू किडनीच्या 191 जणांना दोन आठवडे रोज पोटॅशियम क्लोराईड दिलं, तर त्यांतल्या 11 टक्के लोकांचं पोटॅशियम हद्दीबाहेर गेलं. आहारातल्या पोटॅशियमने किडनीचा आजार वाढतो की आटोक्यात राहतो, यावर मोठ्या पाहणी-अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी भांडतात. त्यामुळे ‘फळं खा, किडनी बरी होते’ हे जितकं थापेबाज, तितकंच ‘फळ म्हणजे विष’ हेही. टप्पा कोणता, रक्तातला आकडा किती, गोळ्या कोणत्या चालू आहेत, या तीन गोष्टी न विचारता जो सल्ला देतो तो वैद्य असो की कीर्तनकार, त्याचा सल्ला ऐकू नये.

गोळ्यांचा मुद्दा मुद्दाम घातला, कारण ‘आमच्या आजोबांनी साठ वर्षं एकादशी केली, त्यांना काही झालं नाही’ या हुकमी एक्क्याचं उत्तर तिथे आहे. आजोबांची किडनी शाबूत होती. त्यांनी कूट खाल्ला, किडनीने पोटॅशियम बाहेर टाकलं, विषय संपला. नातवाला पंचवीस वर्षांचा मधुमेह आहे, गाळणक्षमता पंचवीसवर आलीय आणि तो टेल्मिसार्टन घेतो. ती गोळी त्याच्या किडनीच्या भल्याचीच आहे, पण ती पोटॅशियम धरून ठेवते. आजोबांचं ताट नातवासमोर मांडण्यात श्रद्धा असेल, तर्क नाही. (वारीत पाय दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या हा याहून मोठा शत्रू आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

पाण्याचंही एक खूळ आहे. बोअरच्या पाण्याने भांड्याला पांढरा थर बसतो, म्हणून किडनीतही तसाच बसतो, सबब आरओ बसवला की किडनी वाचली. भांड्यावर बसतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात काठिण्याची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं. आंध्रातल्या उद्दानममध्ये आणि श्रीलंकेत कारण न सापडलेल्या किडनीविकाराची साथ आहे, तिथे पाण्यावर संशय घेतला गेला, पण एकच एक दोषी अजून ठरलेला नाही. आपल्याकडच्या पेशंटच्या बाबतीत मात्र मधुमेह आणि रक्तदाब हे दोन दोषी समोर उभे आहेत. वीस हजारांचं यंत्र भिंतीला लावून लोणच्याची बरणी तशीच ठेवणारी घरं पंढरपुरात कमी नाहीत.

आता राहिला व्रताचा प्रश्न, आणि तो टाळून चालणार नाही. माळ घातलेल्या वारकऱ्याला ‘एकादशी सोडा’ सांगणारा डॉक्टर त्याचा विश्वास गमावतो. मग पेशंट उपवास करतो आणि सांगत नाही. हे सगळ्यात वाईट. पण शास्त्राच्या नावाने अडून बसणाऱ्यांनी शास्त्र तरी उघडावं. ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ 1790 च्या सुमारास लिहिला तो पंढरपुरात राहणाऱ्या काशीनाथ उपाध्यायांनी, बाबा पाध्ये म्हणून लोक त्यांना ओळखत. त्यात एकादशीच्या विचारात अशक्त माणसासाठी निर्जळीपासून रात्री एकदा जेवण्यापर्यंत खाली उतरत जाणारे पर्याय आहेत. स्वतःला झेपत नसेल तर मुलाने किंवा पत्नीने उपवास करावा अशीही सोय आहे. औषध घेतल्याने व्रत मोडत नाही, हे तर आपल्या धर्मशास्त्रातलं जुनं, सर्वमान्य वचन. या गावात बसून लिहिलेल्या ग्रंथाने जेवढी मोकळीक दिली तेवढी शेजारीपाजारी देत नाहीत.

औषधाचं म्हणायचं कारण, फॉस्फरस धरून ठेवणाऱ्या गोळ्या जेवणाच्या घासाबरोबर घ्यायच्या असतात. एकादशीला ‘आज जेवणच नाही’ म्हणून त्या डबीतच राहतात आणि दाण्याची आमटी मात्र वाटीभर पोटात जाते. व्रत करायचंच असेल तर साबुदाणा आणि भगर चालेल, कूट नावाला. बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून द्यायचं, त्याने निम्म्याच्या आसपास पोटॅशियम निघून जातं. रताळं भाजलं तर सगळं आत राहतं, म्हणून ते नको. मीठ कुठलंही असो, चिमटीने. आणि गोळी फराळाबरोबर.

रक्त तपासायला आपण जातो ते एखाद्या साध्या वाराला, आमटी-भात खाल्लेल्या दिवसानंतर. रिपोर्ट बरा येतो आणि उपवासाला चालना मिळते. डॉक्टरांना सांगून एकदा द्वादशीच्या सकाळी, पारणं सोडायच्या आधी रक्त द्या. सुई टोचताना मूठ पुन्हा पुन्हा आवळू नका, त्याने आकडा खोटा वाढतो. मग जो आकडा येईल तो उपवासाची बाजू घेणाऱ्यांनाही दाखवा आणि पत्रकवाल्यांनाही.